साईएवढा बाजार

एक किलो दूध पावडर करायला गाईचं साधारण आठ लिटर दूध लागतं. दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणीच असतं. ते काढून टाकलं की नासणारं दूध पोत्यात भरता येतं, बोटीवर चढवता येतं आणि वर्षभर ठेवताही येतं. देशोदेशींचा दुधाचा व्यापार मुख्यतः पावडर, लोणी आणि चीज यांचाच. तोही तसा छोटा, कारण जगातल्या दुधापैकी दहा टक्केसुद्धा देशाची सीमा ओलांडत नाही. एवढ्या पातळ साईवर एखादा मोठा गिऱ्हाईक येऊन बसला, तर काय होईल? चीनने ते दाखवून दिलं.

खरं तर चिनी जेवणात दूध फारसं नव्हतंच. तिथल्या बहुसंख्य प्रौढांच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर पुरेसं बनत नाही. पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते असतं. त्यामुळे शहरं वाढून हातात पैसा आला, तेव्हा डब्यातल्या बेबी पावडरला मोठं गिऱ्हाईक मिळालं. २००६ मध्ये पंतप्रधान वेन जियाबाओ यांनी तर प्रत्येक चिनी मुलाला रोज पुरेसं दूध मिळावं, हे आपलं स्वप्न असल्याचं म्हटलं.

मग आलं २००८. दुधात पाणी घातलं की प्रथिनं कमी भरतात आणि चाचणीत ते पकडलं जातं. ही नेहमीची चाचणी प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.३८ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढते. मेलामाइन या प्लास्टिक उद्योगातल्या रसायनात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन त्या चाचणीत चार ग्रॅमहून जास्त प्रथिन म्हणून खपतं! चीनमध्ये भेसळ करणाऱ्यांनी ते दुधात मिसळलं आणि बाळांच्या मूत्रपिंडात त्याचे खडे झाले. सहा बाळं दगावली, जवळपास तीन लाख आजारी पडली. हे लिहितानाही हात जड होतो.

देशी डब्यावरचा विश्वास उडाला आणि आईबाप परदेशी डबे शोधू लागले. हाँगकाँगमधल्या दुकानांत डबे संपू लागले, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या सरकारने शहराबाहेर जाणाऱ्या माणसाला १.८ किलो, म्हणजे दोनच डबे नेण्याची मर्यादा घातली. न्यूझीलंडने २००८ मध्येच चीनशी मुक्त व्यापाराचा करार केला होता. तो देश आपलं बहुतेक सगळं दूध निर्यात करतो. चीनची खरेदी जोरात आणि न्यूझीलंडमध्ये दुष्काळ, असं २०१३ मध्ये एकदम जुळून आलं आणि लिलावात पावडर टनाला ५,००० डॉलरच्या वर गेली. भाव बघून सगळ्यांनीच गाई वाढवल्या. पण चीनची गोदामं भरली होती, त्यामुळे त्याने हात आखडला. त्यात २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या मालावर बंदी घातली आणि २०१५ मध्ये युरोपने आपले दूध-कोटे, म्हणजे किती दूध काढायचं याच्या मर्यादा, उठवल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये तीच पावडर १,६०० डॉलरच्या आसपास होती.

या पडझडीत युरोपने विकत घेऊन ठेवलेली पावडर २०१८ पर्यंत बाजाराच्या डोक्यावर टांगती राहिली. त्याची झळ आपल्यालाही लागली. महाराष्ट्रात जादा दुधाची पावडर करतात. बाहेर भाव नसला की पावडर पडून राहते आणि संकलन केंद्रावर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) गाईच्या दुधाचा दर खाली येतो. त्या वर्षी तो लिटरला वीस रुपयांच्याही खाली गेला आणि जुलैमध्ये लिटरमागे पाच रुपये मिळावेत म्हणून आंदोलन पेटलं. पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या बाईला आपल्या दराचा एक धागा चिनी गोदामापर्यंत जातो, हे कुणी सांगितलेलं नसतं. ते तिला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता वारा उलटा फिरलाय. चीनने मोठमोठे गोठे उभारले, त्यासाठी अमेरिकेतून लसूणघास आणि ब्राझीलमधून सोयाबीन आणलं. २०२३ मध्ये तिथलं दूध चार कोटी टनांच्या वर गेलं. पण २०१६ मध्ये तिथे पावणेदोन कोटींहून जास्त बाळं जन्मली होती, ती २०२३ मध्ये नव्वद लाखांवर आली. पावडर पिणारं बाळच कमी झालं. दुधाचे भाव कोसळले, आयात घटली, गोठेवाल्यांनी गाई विकायला काढल्या आणि उरलेल्या दुधाची चिनी कारखाने स्वतःच पावडर करू लागले, आठ लिटरला एक किलो याच हिशेबाने.