टीव्ही लावला की बाळ लवकर बोलतं?

"टीव्हीवर बडबडगीतं लावून ठेवा, बाळ लवकर बोलायला लागेल," हा सल्ला कोल्हापुरात घरोघरी वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. दीड वर्षाचं पोर पडद्यासमोर "वन, टू, थ्री" म्हणतं, तेव्हा शिकतंय असंच दिसतं.

पण ते झालं पाठांतर. भाषा येते ती देवाणघेवाणीतून. बाळ "ऊं" करतं, आजी विचारते, "काय रं, भाकरी पायजे?" बाळ हात पुढं करतं. टीव्ही असा उत्तरासाठी थांबत नाही. शिवाय तो नुसता चालू असला तरी मोठी माणसं बाळाशी कमी बोलतात, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

पडताळा घरीच घ्या. एक दिवस जेवताना 15 मिनिटं टीव्ही चालू ठेवून बाळाशी किती वाक्यं बोललात ते मोजा, दुसऱ्या दिवशी बंद ठेवून मोजा. गाण्यात ऐकलेला चेंडू टीव्ही बंद असताना मागा. आणून देतं का बघा. भरवताना घास गालातच राहतो का, तेही बघा. नजर पडद्यावर खिळली की चावायचं राहून जातं.

दीड-दोन वर्षांपर्यंत टीव्ही नकोच. पुण्याच्या मामाशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण मामा उत्तर देतो. 2 ते 5 वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, तोही शेजारी बसून, दिसेल त्यावर बोलत. झोपायच्या आधी तासभर बंद. त्या वेळात रंकाळ्यावर एक फेरी मारून म्हैस, कणीस, पाणी दाखवलंत तर शब्द जास्त मिळतील.

दीड वर्षाचं होऊनही एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, तर नुसता टीव्ही बंद करून वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या.