इथेनॉल मोजणारा प्रकाश कुठे फसतो?

साखर कारखान्याच्या आसवनीत इथेनॉल मोजायची जुनी रीत साधी आहे. नमुना काढायचा, त्यात हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारी तरंगती नळी) सोडायचा, तापमान बघायचं आणि तक्त्यातून टक्केवारी काढायची. आकडा चोख येतो, पण दर वेळी माणूस लागतो. टाकीतच कायमचं काही बसवायचं म्हटलं तर ठिणगीची धास्ती असते. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण 13 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते आणि आपल्याकडे हिवाळ्यातसुद्धा पारा बहुतेक वेळ त्याच्या वरच असतो. ऑप्टिकल फायबरचं आकर्षण इथे आहे. टाकीत जाते ती फक्त काच. वीज लागणारं सगळं दूरच्या खोलीत.

फायबरच्या गाभ्यातून प्रकाश परावर्तित होत पुढे सरकतो, पण त्याचा थोडासा अंश गाभ्याच्या कडेबाहेर डोकावतो, तोही जेमतेम एका तरंगलांबीइतका. एरवी तिथे काचेचंच आवरण असतं. ते हायड्रोफ्लोरिक आम्लाने झिजवलं की हा अंश थेट द्रवाला भिडतो, आणि द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप, बदलला की पलीकडे पोचणारा प्रकाशही बदलतो. आवरण शाबूत ठेवूनही हे जमतं. फायबरवर काही शे मायक्रोमीटरच्या अंतराने खुणा कोरल्या, तर ठरावीक रंगाचा प्रकाश गाभ्यातून आवरणात निसटतो, आणि हा रंग कोणता हे बाहेरच्या द्रवावर अवलंबून असतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतले आशिष वेंगसरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणांच्या रांगांवरचं, म्हणजे जाळ्यांवरचं, पायाभूत काम 1996 साली प्रसिद्ध केलं.

इथवर सगळं सुरेख. गोम अशी की या काचेला इथेनॉल ओळखता येत नाही, कळतो तो फक्त अपवर्तनांक.

20 अंशाला पाण्याचा अपवर्तनांक 1.3330 असतो आणि शुद्ध इथेनॉलचा 1.3614. मग मिश्रणात इथेनॉल वाढेल तसा आकडा चढत जाईल, असं कुणालाही वाटेल. तो चढतोही, पण वजनाने 80 टक्क्यांच्या आसपास 1.3658 ला पोचतो आणि तिथून उतरायला लागतो. 50 टक्क्यांना तो 1.3616 असतो, म्हणजे निम्मं पाणी घातलेलं इथेनॉल आणि शुद्ध इथेनॉल या फायबरला जवळपास सारखंच दिसतं! पेट्रोलमध्ये मिसळायला 99 टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं. तिथे निव्वळ या आकड्यावर विसंबणं परवडणारं नाही.

त्यात तापमानाचा घोळ. इथेनॉल 10 अंशांनी तापलं की अपवर्तनांक सुमारे 0.004 ने घसरतो. 80 टक्क्यांपासून शुद्ध इथेनॉलपर्यंतचा सगळा फरकही जवळपास तेवढाच. म्हणून त्याच फायबरवर तापमान मोजणारी वेगळी जाळीही कोरतात.

मळी आंबत असताना तर आकडा उलटाच धावतो. विरघळलेली साखर अपवर्तनांक इथेनॉलपेक्षा जास्त चढवते, त्यामुळे साखर संपून इथेनॉल वाढत असताना तो खाली येतो. तिथे अवरक्त प्रकाशाचं शोषण बघणं बरं: इथेनॉलमधले कार्बन-हायड्रोजन बंध 1700 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, तर पाण्याचा ठळक पट्टा 1450 ला असतो. माझ्या मते कारखान्यासाठी हाच मार्ग जास्त भरवशाचा, उपकरण महाग पडलं तरी.

साध्या फायबरला मात्र एक काम अगदी फिट बसतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या भूमिगत टाकीत पाणी झिरपलं, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. पेट्रोलचा अपवर्तनांक या तळच्या थरापेक्षा बराच जास्त असतो. तळाशी ठेवलेल्या फायबरला तिथे टक्केवारी सांगायची नसते. आकडा एकदम घसरला, एवढं कळवलं तरी पंपावरची विक्री वेळेत थांबवता येते.