आठवड्याचा शब्द

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या कोणत्याही मोठ्या बांधकामावर शनिवारी संध्याकाळी थोड्याफार फरकाने एकच दृश्य दिसते. पत्र्याच्या शेडमध्ये साइट इंजिनिअर, सेंटरिंगचा (काँक्रीट ओतण्यासाठी उभारायच्या साच्याचा) मुकादम, सळई बांधणारा फिटर, वायरिंगचा ठेकेदार आणि प्लंबर बसतात, आणि ‘गुरुवारी स्लॅब भरायचा’ या वाक्यावर सगळे मान डोलावतात. गुरुवारी स्लॅब भरला जात नाही. मग माणसांना कामाची कळकळ नाही, असे निदान होते. बहुतेक वेळा ते चुकीचे असते.

स्लॅब भरण्याआधी किमान सहा गोष्टी जुळाव्या लागतात: सेंटरिंग पुरे व्हायला हवे, सळई बांधून व्हायला हवी, वायरिंगचे पाइप टाकलेले हवेत, सल्लागाराची तपासणी झालेली हवी, काँक्रीटचा पंप चालू स्थितीत हवा आणि रेडीमिक्सची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी वेळेवर पोहोचायला हवी. यांतली प्रत्येक गोष्ट वेळेवर होण्याची शक्यता ९० टक्के आहे असे धरू. हे प्रमाण उत्तमच म्हणायचे, कारण गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असलेल्या या रस्त्यावर एकट्या गाडीचीही इतकी खात्री कोणी देणार नाही. तरीही ०.९ ला सहा वेळा गुणले की उत्तर ०.५३ येते, म्हणजे सहाही जण आपापल्या जागी भरवशाचे असून स्लॅब वेळेवर भरला जाण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त उरते. प्रत्यक्षात या गोष्टी एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे. पण चूक माणसांपेक्षा साखळीत कशी असते, ते त्यातून दिसते.

अमेरिकेत बांधकाम-व्यवस्थापनाचे अभ्यासक ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल यांनी १९९० च्या दशकात बांधकामांच्या आठवडी नियोजनाची मोजदाद केली, तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी सरासरी ५४ टक्केच आठवडाअखेर पूर्ण झालेली आढळली. हा आकडा वरच्या गुणाकाराच्या इतका जवळ आहे हा योगायोग, पण बोलका योगायोग. याच अनुभवातून ‘लास्ट प्लॅनर’ ही पद्धत घडली. शेवटचा नियोजक म्हणजे ज्याच्यानंतर नियोजन उरत नाही, फक्त काम उरते, तो माणूस. आपल्याकडे तो मुकादम. करायला हवे, करता येईल, करू आणि केले, या चार गोष्टी ही पद्धत काटेकोरपणे वेगळ्या ठेवते. मुख्य वेळापत्रक ‘करायला हवे’ एवढेच सांगते. पुढच्या सुमारे सहा आठवड्यांच्या कामांकडे नजर टाकून त्यांतले अडथळे आधीच दूर केले, की काही कामे ‘करता येईल’ या गटात येतात, आणि ‘करू’ हा शब्द फक्त त्यांतल्याच कामांबद्दल द्यायचा असतो.

मोजमापही मुद्दाम कठोर ठेवलेले आहे. ठरलेल्यांपैकी किती कामे पूर्ण झाली याची टक्केवारी काढायची, आणि नव्वद टक्के झालेले काम शून्यच धरायचे. हे अन्यायाचे वाटते खरे, पण थोडेसे सेंटरिंग राहिलेल्या कोपऱ्यावर फिटरला सळई बांधता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते काम झालेलेच नसते. ही टक्केवारी नियोजनाचा भरवसा मोजते, माणसांची मेहनत नव्हे. तिचा चाबूक केला की मुकादम शहाणपणाने कमी कामे कबूल करू लागतात आणि आकडा सुंदर दिसतो. खरा उपयोग न झालेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहिण्यात आहे.

भरवसा इतका मोलाचा का, हे फाशांच्या एका खेळातून कळते. समजा, एका फाशावर फक्त ४ आणि ६ आहेत, दुसऱ्यावर फक्त १ आणि ९. सरासरी दोन्हींची ५च. ठेकेदारांच्या रांगेत प्रत्येकाने फासा टाकून तितके काम पुढच्याकडे सरकवायचे. दुसऱ्या फाशाने खेळणारी रांग सरासरीने मागे पडते, कारण पुढच्याला ९ पडले पण आधीच्याने १च दिला असेल, तर आठ एककांची ताकद वाया जाते आणि ती उद्या परत मिळत नाही.

अंदाज चुकण्याला मनाचाही हातभार असतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत होईल असे सांगितले, लागले ५५.५ दिवस. सगळे काही बिघडले तर किती लागतील, या प्रश्नाचे त्यांचे उत्तरही ४८.६ दिवसच होते. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत दर दोन आठवड्यांनी हेच घडत असावे. काम छोट्या ठरावीक मुदतींच्या टप्प्यांत आखणाऱ्या त्यांच्या ‘स्क्रम’ पद्धतीच्या मार्गदर्शिकेने २०११ मध्ये ठरलेल्या कामाला ‘वचन’ म्हणणे सोडून ‘अंदाज’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदलले, तरी तयार नसलेले काम हाती घेण्याची खोड त्याने जात नाही.

ती जायची तर शनिवारच्या बैठकीत ‘नाही’ म्हणण्याची मुभा हवी. ‘साहेब, पाइप अजून पडले नाहीत, गुरुवार धरू नका’ असे मुकादम म्हणाला आणि त्याला कोणी झापले नाही, तर स्लॅब पुढच्या आठवड्यात जातो, पण पंप आणि गाड्या उगाच बोलावल्या जात नाहीत. शिवाय यादीच्या खाली दोन-तीन तयार, पण कबूल न केलेली कामे राखून ठेवतात: खालच्या मजल्यावरचे ब्लॉकचे बांधकाम, जिन्याचे आतले प्लास्टर. जुलैत दुपारीच आभाळ फाटले आणि स्लॅब थांबवावा लागला, की माणसे तिकडे वळवता येतात.