गरी बेटाचा अंतर्भाग : वाळूवरची वने व तळी

गरी : ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यालगतचे, जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट. लांबी सु. १२३ किमी., क्षेत्रफळ सु. १,६६० चौ. किमी. जुन्या नकाशांत ते ‘फ्रेझर बेट’ म्हणून सापडते. बुचुला या मूळ रहिवाशांनी दिलेले नाव त्याला जून २०२३ मध्ये अधिकृतपणे परत मिळाले. इंग्रजी लेखनात या नावाआधी येणारा ‘के’ उच्चारत नाहीत. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बेटाचा समावेश १९९२ मध्ये झाला. बहुतेक पर्यटक पूर्वेकडच्या लांबलचक पुळणीवरून गाडी पळवायला येतात. बेटाचे खरे नवल मात्र आत, टेकड्यांमध्ये आहे.

वाळूत ओतलेले पाणी मुरून जाते. मग निव्वळ वाळूच्या टेकड्यांवर शंभराहून अधिक गोड्या पाण्याची तळी टिकली कशी? उत्तर पालापाचोळ्यात आहे. वाऱ्याने कोरलेल्या खळग्यात पाला साचून कुजत राहतो, त्यातला सेंद्रिय अंश वाळूचे कण एकमेकांना चिकटवतो आणि तळाशी पाणी न झिरपणारा गडद तपकिरी थर बसतो. ऑस्ट्रेलियात त्याला ‘कॉफी रॉक’ म्हणतात. या थरावर पावसाचे पाणी साठते, तेही भूजलपातळीच्या बरेच वर. म्हणून ही ‘अधांतरी’ तळी. जगातील अशा ज्ञात तळ्यांपैकी सुमारे निम्मी, म्हणजे ४० च्या आसपास, एकट्या गरीवर आहेत.

त्यांतले बूमॅनजिन हे सु. २०० हेक्टरांचे तळे आपल्या प्रकारात जगात सर्वांत मोठे. पाल्यातून व सालींतून उतरलेल्या टॅनिनमुळे त्याचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. बूरांगूरा ऊर्फ मॅकेंझी तळे याउलट स्वच्छ निळे. खोली जेमतेम ५ मी., काठाला पांढरीशुभ्र सिलिका वाळू. छायाचित्रांत नेहमी तेच असते आणि गर्दीही तिथेच. निवांतपणा हवा असणाऱ्याने बूमॅनजिन गाठावे. या तळ्यांचे पाणी आम्लधर्मी व पोषकद्रव्यांच्या बाबतीत इतके गरीब असते, की मासे फारसे आढळत नाहीत. आम्ल सोसणाऱ्या बेडकांच्या काही जातींना मात्र ते मानवते.

सगळीच तळी अधांतरी नव्हेत. जिथे जमीन भूजलपातळीच्या खाली जाते तिथे भूजलच उघडे पडून तळे होते. बेटावरील सर्वांत खोल तळे वॉबी. वाहत्या वाळूने ओढ्याची वाट अडवल्यामुळे ते बनले आणि तीच वाळू आता त्याला हळूहळू गिळत आहे. वाळूच्या तीव्र उतारावरून धावत येऊन त्यात सूर मारण्याचा मोह होतो. तसे करून काहींनी पाठीचा कणा मोडून घेतला आहे.

तळ्यांइतकेच कोड्यात टाकते ते वन. उंच वर्षावन निव्वळ वाळूवर वाढलेले अन्यत्र क्वचितच दिसते. येथे माती अशी नाहीच. पाऊस व समुद्रावरचा वारा थोडेफार क्षार आणतात, मुळांशी सहजीवन करणारी कवके ते झाडांपर्यंत पोचवतात आणि गळलेले पान कुजून पुन्हा झाडाकडेच जाते. सॅटिने, ब्रश बॉक्स, कौरी पाइन हे येथले मोठे वृक्ष. सॅटिनेचे लाकूड समुद्रातील किड्यांना दाद देत नाही. त्यामुळे ते सुएझ कालव्याच्या कामापर्यंत पोचले. १८६३ मध्ये सुरू झालेली लाकूडतोड १९९१ मध्ये थांबली. त्याआधी, १९७६ च्या अखेरीस, खनिज वाळूचे उत्खननही बंद पडले होते. यामागे १९७१ मध्ये जॉन सिंक्लेअर यांनी उभारलेल्या संघटनेचा चिवट लढा होता.

लाकूडतोड्यांची जुनी वसाहत असलेल्या सेंट्रल स्टेशनजवळ वांगूलबा ओढा वाहतो. पात्रात दगड नाहीत, त्यामुळे खळखळाट नाही. तळची पांढरी वाळू लख्ख दिसते. पाणी आहे हे कळते ते एखादे पान तरंगत गेले आणि त्याची सावली तळावरून सरकली की. काठावर किंग फर्न हा प्राचीन नेचा पाच-पाच मीटर लांब पाने पसरून असतो; ही पाने आतल्या पाण्याच्या दाबावरच ताठ राहतात. बुचुला परंपरेत हा स्त्रियांचा परिसर, बाळंतपणाची जागा. त्यांच्या कथेत गरी ही एक आत्मरूप स्त्री. पृथ्वीच्या मोहात पडून ती बेट झाली आणि आकाशाकडे पाहता यावे म्हणून तिला तळ्यांचे डोळे मिळाले.

बेटाच्या आत डांबरी रस्ते नाहीत. चारही चाकांना गती देणारी गाडी व परवाना लागतो. पायी जाणाऱ्यांसाठी डिली गाव ते हॅपी व्हॅली अशी ९० किमी.ची वाट आहे. डिंगो या रानकुत्र्यांना खाऊ घालणे गुन्हा ठरते. २०२० मध्ये नियम मोडून पेटवलेल्या एका शेकोटीमुळे जवळजवळ निम्मे बेट होरपळले. अधांतरी तळ्यांत सहसा ओढा येत नाही की निघत नाही. पोहणाऱ्याच्या अंगावरचे सनस्क्रीन, साबण जे काही पाण्यात उतरेल ते तिथेच राहते.