‘सू’ ते कंटिन्युएशन: हेडर अपाचीची मेमरी कशी खातात

४ एप्रिल २०२४ रोजी अपाची या वेब सर्व्हरची, म्हणजे ब्राउझरने मागितलेली पानं पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरची, २.४.५९ ही आवृत्ती आली. तिच्यात दुरुस्त झालेल्या एका सुरक्षा-त्रुटीची नोंद (तिचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२४-२७३१६) जेमतेम दोन वाक्यांची आहे आणि ती वाचून हसावं की रडावं कळत नाही. कोणी मर्यादेपेक्षा जास्त हेडर (पान मागताना आधी जाणाऱ्या माहितीच्या ओळी) पाठवले तर त्याला ‘४१३’ या क्रमांकाचा, ‘फार मोठं आहे’ असा नकार व्यवस्थित कारणासकट देता यावा, म्हणून सर्व्हर ते जादाचे हेडर तात्पुरते मेमरीत ठेवत होता. समोरचा थांबलाच नाही तर ठेवतच राहायचा, मेमरी संपेपर्यंत.

बार्तेक नोवोतार्स्की या संशोधकाने शोधलेल्या ‘कंटिन्युएशन फ्लड’ कुळातली ही एक त्रुटी. नोड आणि गो या प्रोग्रामिंगच्या साधनांच्या एचटीटीपी/२ (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलीची नवी आवृत्ती) कोडमध्येही तिची भावंडं निघाली. पण अपाचीपुरतं बोलायचं तर हे दुखणं नवं नाही. याच जागी, हेडर वाचणाऱ्या कोडमध्ये, त्याला १९९८ मध्ये ठेच लागली होती आणि २००४ मध्येही.

जागाच अवघड आहे. ब्राउझर पान मागतो तेव्हा आधी हेडरच्या ओळी पाठवतो: कुठली साइट हवी, ब्राउझर कोणता, कुकी काय. शेवटी एक रिकामी ओळ. ती येईपर्यंत हेडर संपले असं सर्व्हरला म्हणता येत नाही, म्हणजे तोवर आलेलं सगळं रॅममध्ये धरून बसायचं. कोण आहे, काय हवंय, परवानगी आहे का, हे सगळं त्यानंतर.

ऑगस्ट १९९८ मध्ये डाग-अर्लिंग स्म्योरग्राव्ह या नॉर्वेजियन प्रोग्रामरने दाखवून दिलं की एकच हेडर हजारो वेळा पाठवला की अपाची १.३.१ चालवणारं मशीन आडवं होतं. नमुन्यातली ओळ होती ‘युजर-एजंट: सू’. सू हे अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीचं नाव, अपाचीही तसंच. विनोद कळायला वेळ लागत नाही. त्रुटीलाही हेच नाव पडलं.

गणित करून पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत ही ओळ १९ बाइटची. दहा हजार ओळी म्हणजे १९० केबी, तेव्हाच्या डायल-अपवरून मिनिटभरात जाणारा ऐवज. एकाच नावाचा हेडर पुन्हा आला की अपाची त्यातल्या जुन्या मजकुरापुढे स्वल्पविराम देऊन नवा मजकूर जोडायचा आणि जोडलेल्या मजकुराची नवी प्रत करायचा. पहिली प्रत ५ बाइटची, दुसरी १२ ची, तिसरी १९ ची, प्रत्येक वेळी सात बाइट जास्त. दहा हजाराव्या ओळीपर्यंत या सगळ्या प्रतींची बेरीज साधारण ३५० एमबी होते. त्या काळी ६४ किंवा १२८ एमबी रॅमवर सर्व्हर चालायचे.

जुन्या प्रती लगेच का टाकून दिल्या नाहीत? कारण अपाचीची मेमरीची पद्धतच तशी. प्रत्येक रिक्वेस्टसाठी एक पूल. लागेल तसं त्यातून घ्यायचं आणि रिक्वेस्ट संपली की अख्खा पूल एकदम मोकळा करायचा. मला ही रचना आजही हुशारीची वाटते, मेमरी सुटून राहण्याच्या कितीतरी भानगडी तिने टाळल्या. फक्त रिक्वेस्ट कधीतरी संपणार हे तिने गृहीत धरलं होतं.

१.३.२ मध्ये मर्यादा आल्या: एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त १०० हेडर, एका हेडरला ८१९० बाइट. कॉन्फिगमध्ये काही न लिहिलं तर आजही हेच आकडे लागू असतात.

मग अपाची २.० नव्याने लिहिला गेला आणि २००४ मध्ये जॉर्जी गुनिन्स्की यांनी २.०.४९ मध्ये फट काढली. हेडरची ओळ लांबली तर पुढची ओळ स्पेस किंवा टॅबने सुरू करून तोच हेडर चालू ठेवायचा, ही ई-मेलच्या जमान्यातली सवय एचटीटीपीने उचलली होती. जोडत गेलेल्या या ओळींची एकूण लांबी मोजायचं राहून गेलं होतं. मर्यादा होती, पण ओळ दुमडली की ती लागूच पडत नव्हती. २.०.५० मध्ये जोडल्यानंतरची लांबीही तपासायला लागले.

२०११ चा ‘अपाची किलर’ याच घराण्यातला नव्हे, पण त्यातली एक गंमत सांगायलाच हवी. रेंज हेडरमधून फाइलचे १३०० एकमेकांवर चढणारे तुकडे मागायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या नोंदीपायी सर्व्हरची मेमरी फुगवायची, अशी ती पर्ल स्क्रिप्ट. त्या यादीची अक्षरं मी मोजली: आठ हजारांच्या आसपास भरतात. म्हणजे १९९८ च्या ८१९० च्या कुंपणाच्या आत, अगदी खेटून. मिखाउ झालेव्स्की यांनी या रेंजबद्दल जानेवारी २००७ मध्येच लिहिलं होतं. दुरुस्ती आली ती स्क्रिप्ट जगभर फिरल्यावर, ऑगस्ट २०११ च्या अखेरीस.

२०१५ मध्ये एचटीटीपी/२ आलं आणि रिकामी ओळच गेली. हेडर आता बायनरी फ्रेममधून येतात; एका फ्रेममध्ये मावले नाहीत तर पुढे ‘कंटिन्युएशन’ फ्रेम, आणि शेवटच्या फ्रेमवर ‘हेडर संपले’ असा एक बिट. तो बिट लावायचाच नाही, एवढाच हल्ला. अशा किती फ्रेम चालतील याला मानकात आकडा नाही. हेडरच्या एकूण आकाराची एक सेटिंग आहे, पण ती निव्वळ सूचनावजा आणि मुळात ‘अमर्याद’ वर ठेवलेली. शिवाय नको असलेले हेडर न वाचता फेकताही येत नाहीत. त्यांचं कॉम्प्रेशन दोन्ही बाजूंनी मिळून सांभाळलेल्या तक्त्यावर चालतं. एक फ्रेम गाळली की पुढचं सगळं चुकतं. तेव्हा एक तर वाचत राहा, नाहीतर कनेक्शन तोडा. अपाचीने वापरलेली एनजीएचटीटीपी२ ही लायब्ररी वाचत राहिली आणि १०० हेडरची ती जुनी मर्यादा ओलांडल्यावरही नकाराच्या तयारीत हेडर साठवत गेली.

अॅडमिनला यातलं काय दिसतं? अॅक्सेस लॉगमध्ये काहीच नाही, कारण रिक्वेस्ट पुरी झाल्यावर तिथे ओळ पडते आणि ही रिक्वेस्ट कधी पुरी झालेलीच नसते. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये मात्र एक ओळ सापडते: मेमरी संपली, अमुक क्रमांकाची प्रोसेस मारली, आणि कंसात एचटीटीपीडी, म्हणजे अपाचीच.