लॅटिनो बंधुसंघ व भगिनीसंघ : राष्ट्रीय अधिवेशने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांनी ग्रीक अक्षरांची नावे घेऊन चालविलेल्या संघटनांची ठरावीक मुदतीने भरणारी सर्वसाधारण अधिवेशने. पुरुषांच्या संघटनेला फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुसंघ आणि स्त्रियांच्या संघटनेला सोरॉरिटी म्हणजे भगिनीसंघ म्हणतात. स्त्रीपुरुषांची मिळून एकच संघटना क्वचित आढळते. 1985 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात निघालेली अल्फा साय लॅम्डा ही त्यांपैकी एक. जुन्या, मुख्यतः श्वेतवर्णीय बंधुसंघांना विद्यापीठाजवळ स्वतःची निवासगृहे असतात. लॅटिनो संघटनांपैकी बहुतेकांना ती नाहीत आणि त्यांच्या शाखाही लहान असतात. एखाद्या वर्षी पाच-सातच सभासद असलेली शाखा नवलाची नाही. अशा शाखेतल्या सभासदाला आपली संघटना पूर्ण आकारात प्रथम दिसते ती अधिवेशनातच. सभासदांच्या आठवणींत अधिवेशनाला जे मोठे स्थान आहे, ते यामुळे.

उगम व कालनिर्णय : पहिला लॅटिनो बंधुसंघ कोणता, याविषयी दोन परंपरा आहेत आणि अधिवेशनांची गणनाही त्यांवर अवलंबून राहते. पहिली परंपरा न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये 1898 साली निघालेल्या ‘युनियन इस्पानो अमेरिकाना’ या मंडळापासून सुरू होते. लॅटिन अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकायला आलेल्या तरुणांचे हे मंडळ होते. त्याला ग्रीक नाव नव्हते. लुईझियाना स्टेट विद्यापीठात 1904 मध्ये स्पॅनिश भाषकांचे असेच एक मंडळ निघाले. त्याचेच पुढे सिग्मा आयोटा झाले. हे रूपांतर साधारणपणे 1911-12 च्या सुमारास झाल्याचे मानतात. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1916 मध्ये पाय डेल्टा फाय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात 1919 मध्ये फाय लॅम्डा अल्फा या संघटना स्थापन झाल्या. 1921 च्या सुमारास ट्रॉयच्या मंडळासह त्या फाय लॅम्डा अल्फा या नावाखाली एक झाल्या. पुढे फाय लॅम्डा अल्फा व सिग्मा आयोटा यांचे एकीकरण होऊन 26 डिसेंबर 1931 रोजी ट्रॉय येथे फाय आयोटा अल्फा अस्तित्वात आली. नावातील अक्षरे पाहिली, तर फाय व अल्फा ही एका घटकाची आणि आयोटा दुसऱ्याचे, हे सहज लक्षात येते. सीमोन बोलीव्हार, होसे दे सान मार्तीन, बर्नार्दो ओहिगिन्स, बेनितो हुआरेझ व होसे मार्ती या पाच मुक्तिनायकांना ही संघटना आपले आधारस्तंभ मानते.

या परंपरेत एक खंड आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फाय आयोटा अल्फाचे मुख्य भूमीवरील कार्य थंडावले आणि 1984 मध्ये ट्रॉय येथेच ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात दुसरी परंपरा उभी राहिली. न्यू जर्सीतील युनियन येथील कीन कॉलेजात 1 डिसेंबर 1975 रोजी लॅम्डा थीटा फाय हा बंधुसंघ निघाला आणि त्याच महिन्यात तेथेच लॅम्डा थीटा अल्फा हा भगिनीसंघ. सभासद हे दोन्ही संघ देशातील पहिले लॅटिनो व पहिले लॅटिना संघ मानतात. या मताचे समर्थक स्थापनाकाळच्या सभासदांकडे बोट दाखवतात: 1931 पूर्वीची मंडळे परदेशातून आलेल्या, बहुधा सुस्थितीतील घरांतल्या विद्यार्थ्यांची होती, तर 1975 चे संघ अमेरिकेतच वाढलेल्या पोर्तो रिकन, क्यूबन इ. कुटुंबांतील मुलामुलींनी सरकारी महाविद्यालयात काढले. पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटाचा विचार केला, तर प्रश्न आणखी गुंततो. तेथील विद्यापीठात फाय एटा म्यू 1923 मध्येच निघाली होती, स्त्रियांचे संघही त्याच दशकात झाले आणि 1938 मध्ये स्थापन झालेली फाय सिग्मा अल्फा आपला वारसा 1931 पूर्वीच्या मंडळांपर्यंत नेते. 1898 हे वर्ष पूर्वसूरी मंडळाचे आहे. बंधुसंघाचे स्थापनावर्ष म्हणून ते वापरणे सयुक्तिक वाटत नाही. मुख्य भूमीपुरते पाहिले, तर अद्याप टिकलेल्या सर्वांत जुन्या लॅटिनो बंधुसंघाचा मान 1931 च्या फाय आयोटा अल्फाकडे जातो. मात्र आजच्या अधिवेशनांत दिसणारे आचार, म्हणजे रांगेचे नृत्य, समूहघोष, दीक्षेच्या रांगेतील आपला क्रमांक लिहिलेली जाकिटे इ., 1975 नंतरच्या संघांतूनच घडले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. त्यांतील बरेचसे आफ्रिकी-अमेरिकी बंधुसंघांच्या सहवासातून आले. ते ऋण अनेक लॅटिनो संघटना उघडपणे मान्य करतात.

विस्तार : 1979 मध्ये रटगर्स विद्यापीठात लॅम्डा सिग्मा अप्सिलॉन, 1980 मध्ये तेथेच काय अप्सिलॉन सिग्मा, 1982 मध्ये कॉर्नेलमध्ये ला उनिदाद लातिना अर्थात लॅम्डा अप्सिलॉन लॅम्डा, 1986 मध्ये आयोवा विद्यापीठात सिग्मा लॅम्डा बीटा आणि 1990 मध्ये तेथेच सिग्मा लॅम्डा गॅमा निघाल्या. टेक्सस टेक विद्यापीठात 1987 मध्ये कॅपा डेल्टा काय व ओमेगा डेल्टा फाय या दोन्हींचा आरंभ झाला. पूर्वेकडील संघांवर कॅरिबियन बेटांची, तर टेक्सस व कॅलिफोर्नियातील संघांवर मेक्सिकोची छाप अधिक. आयोवातील दोन्ही संघटनांनी सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्यांत भारतीय वंशाचेही आहेत. 1998 मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ लॅटिनो फ्रॅटर्नल ऑर्गनायझेशन्स म्हणजे ‘नॅल्फो’ ही शिखर संस्था झाली आणि 2001 मध्ये ‘कोन्सिलियो नॅसिओनाल दे एर्मान्दादेस लातिनास’ हा समांतर महासंघ तीत विलीन झाला. शिखर संस्थेची सभा आणि एखाद्या संघटनेचे स्वतःचे अधिवेशन या भिन्न गोष्टी आहेत.

कामकाज : अधिवेशन वार्षिक किंवा द्वैवार्षिक असते. ते बहुधा उन्हाळी सुट्टीत, शुक्रवार ते रविवार, हॉटेलात किंवा विद्यापीठाच्या सभागृहांत भरते. प्रत्येक नियमित शाखा एक मतदार प्रतिनिधी व एक पर्यायी प्रतिनिधी पाठवते. नियमित म्हणजे वर्गणी व विम्याचा हप्ता भरलेली, सभासदयादी आणि गुणांचा अहवाल मुदतीत सादर केलेली. तक्रारी सर्वांत जास्त येतात त्या येथे. वर्गणी भरलेली असते, पण ती मध्यवर्ती खात्यात मुदतीनंतर जमा होते आणि शाखा मताला मुकते. अनुभवी शाखा पावतीची छापील प्रत प्रतिनिधीजवळ देतात.

बहुतेक संघटना हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सभानियमांच्या आधुनिक आवृत्तीवर चालतात. त्यांनुसार पहिले तीन ठराव क्रमाने घ्यावे लागतात: अधिकारपत्र समितीचा अहवाल, अधिवेशनाचे स्थायी नियम आणि कार्यक्रमपत्रिका. हा क्रम बदलला, तर मतदार कोण हे ठरण्यापूर्वीच मतदान होते आणि पुढचे सगळे आक्षेपार्ह ठरते. स्थायी नियमांना दोनतृतीयांश, कार्यक्रमपत्रिकेला साधे बहुमत लागते. घटनादुरुस्तीला पूर्वसूचना व दोनतृतीयांश मते ही सर्वसाधारण अट असते. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत कोऱ्या मतपत्रिका जमेस धरत नाहीत. 100 मतपत्रिकांपैकी 8 कोऱ्या निघाल्या, तर बहुमत 92 वर काढायचे, म्हणजे 47. ते 51 धरले की निवडून आलेल्या उमेदवाराला पुन्हा मतदानाला उभे राहावे लागते.

रविवारी सकाळी गणसंख्येची, म्हणजे ठराव वैध होण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीची, अडचण हमखास येते. संघटनेच्या घटनेत वेगळी तरतूद नसेल, तर प्रतिनिधिसभेची गणसंख्या ही नोंदणी करून हजर झालेल्या एकूण प्रतिनिधींच्या निम्म्याहून अधिक असते आणि मध्येच निघून गेलेले प्रतिनिधीही त्या एकूण संख्येत राहतात. 120 प्रतिनिधींची नोंद झाली असेल, तर विमान पकडायला 60 जण गेल्यावर उरलेले 60 काहीही ठरवू शकत नाहीत, 61 हवेत. म्हणून घटनादुरुस्ती व निवडणूक शनिवारी दुपारीच उरकतात आणि रविवारी फक्त शपथविधी व निरोप ठेवतात.

खर्चाची मेख हॉटेलच्या करारात असते. 100 खोल्या तीन रात्रींसाठी राखल्या, तर करार 300 खोलीरात्रींचा होतो. त्यांपैकी 80 टक्के भरण्याची हमी दिलेली असेल, तर 240 भरल्याच पाहिजेत. विद्यार्थी सभासद एका खोलीत चौघे राहतात किंवा जवळच्या स्वस्त हॉटेलात उतरतात. प्रत्यक्षात 200 भरल्या, की उरलेल्या 40 चे भाडे संघटनेच्या माथी येते. खोल्यांचा आकडा सभासदसंख्येवरून न काढता आधीच्या दोन अधिवेशनांतील प्रत्यक्ष वापरावरून काढावा, हे या बाबतीतले शहाणपण.

आचार : सभासद एकमेकांना एर्मानो (भाऊ) व एर्माना (बहीण) म्हणतात. एकाच वेळी दीक्षा घेतलेल्या गटाला ‘लाइन’, दीक्षा पूर्ण होण्याला ‘क्रॉसिंग’ आणि संघटनेची अक्षरे असलेल्या कपडे-वस्तूंना ‘नालिया’ म्हणतात. लाइनमधील क्रम बहुधा उंचीवरून ठरतो. पहिला ‘एस’, शेवटचा ‘टेल’. अनोळखी शहरात दोन सभासद भेटले, की शाखा, लाइन व क्रमांक एवढ्यावर ओळख पक्की होते.

स्ट्रोल म्हणजे रांगेने पुढे सरकत करायचे समूहनृत्य. रांगेचा म्होरक्या आठ मात्रांच्या आवर्तनावर पवित्रा बदलतो आणि मागचे तो उचलतात. संगीत साल्सा, मेरेंगे, बचाता, रेगेटॉन. पश्चिमेकडे कुंबिया व बांदाही. चालत्या रांगेतून आडवे जाणे हा मोठा अवमान समजतात. स्टेप या प्रकारात जागेवर उभे राहून पायांचे ठेके व टाळ्यांनी ताल धरतात. त्याला टणक फरशी किंवा लाकडी मंच लागतो. हॉटेलच्या सभागृहातला गालिचा ठेक्याचा आवाज गिळून टाकतो, त्यामुळे जोडून घालता येणारी लाकडी नृत्यभूमी आधीच मागवावी लागते. सॅल्यूटमध्ये गट ताठ उभा राहून संघटनेचा इतिहास, स्थापनेची तारीख व आदर्श एका सुरात म्हणतो. त्यात स्पॅनिश व इंग्रजी मिसळलेली असते. लॅटिनो संघांचे स्वतःचे वळण याच प्रकारात सर्वांत स्पष्ट उमटते. दिवंगत सभासदांच्या नामोच्चाराला सर्वांनी ‘प्रेसेन्ते’ म्हणजे ‘हजर’ असे उत्तर देण्याची लॅटिन अमेरिकेतील प्रथा काही अधिवेशनांत पाळतात.

दीक्षाविधी व अंतर्गत सत्रे गुप्त असतात. दारावर सभासद उभे राहतात, हॉटेलचे कर्मचारी व पाहुणे बाहेर जातात आणि छायाचित्रण बंद होते. नवागतांच्या छळाविरुद्धची सत्रे मात्र आता उघड व बहुधा सक्तीची असतात. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या संघराज्यीय कायद्याने विद्यापीठांवर अशा घटना नोंदवून जाहीर करण्याचे बंधन आल्यापासून त्यांचे महत्त्व वाढले आहे.

2020 मध्ये महासाथीमुळे अनेक अधिवेशने दूरस्थ झाली. मतदान त्या मार्गाने जमले. समूहघोष जमला नाही. प्रत्येकाचा आवाज कमीअधिक विलंबाने पोहोचतो आणि एक सूर लागत नाही. उपाय म्हणून एकाचाच मायक्रोफोन चालू ठेवून बाकीच्यांनी मूकपणे ओठ हलवायचे, अशी तडजोड करण्यात आली.

सभासदांच्या आठवणी : इतिवृत्तांत ठराव व आकडे येतात, दालनात रात्री उशिरापर्यंत चाललेले घोष, दोन राज्यांतील एकाच क्रमांकाच्या सभासदांची भेट, आईवडिलांना न समजावता आलेली गोष्ट इथे कुणालाही समजावी न लागणे, हे फक्त आठवणींत राहते. 1975 ते 1990 या काळात निघालेल्या संघटनांचे अनेक संस्थापक हयात असल्याने त्यांच्यासोबतचे छायाचित्र ही अधिवेशनाची सर्वांत जपलेली वस्तू असते. या पिढीच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित करणे निकडीचे आहे.

अशा आठवणी नोंदवताना काही चुका वारंवार होतात. प्रादेशिक मेळावा व राष्ट्रीय अधिवेशन यांची सरमिसळ ही पहिली. मतदान झाले का, हा एक प्रश्न विचारला की ती बहुधा सुटते. ‘पंचविसावे अधिवेशन’ व ‘पंचविसावा वर्धापनदिन’ यांचा घोळ दुसरी. 1975 च्या संघाची पंचविशी 2000 मध्ये येते. पण अधिवेशने नंतर सुरू झाली असतील किंवा एखादे वर्ष चुकले असेल, तर अधिवेशनाचा क्रमांक मागे पडतो. तिसरी चूक शैक्षणिक वर्षाची. 1998-99 या वर्षातील सभासद ‘फॉल 98’चा (1998 चे शरद सत्र) की ‘स्प्रिंग 99’चा (1999 चे वसंत सत्र), हे जाकिटाच्या पाठीवर वा बाहीवर शिवलेले असते, तोंडी सांगण्यात मात्र हमखास बदलते. मुलाखतीपूर्वी सभासदाला सदरा, बिल्ला, कार्यक्रमपुस्तिका, जेवणाचे कूपन असे जे हाती लागेल ते आणायला सांगावे आणि आधी वस्तूवरचे वर्ष व शहर टिपून मगच प्रश्न विचारावेत. अंकीय छायाचित्रातील तारखेवर विसंबू नये. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत बॅटरी बदलली की घड्याळ मूळ तारखेला परत जाई. पाहिलेले व ऐकलेले वेगळ्या रकान्यांत लिहावे. गुप्त विधीचा उल्लेख आला, तर ध्वनिमुद्रण थांबवून सभासदाची संमती घ्यावी आणि तो भाग संघटनेच्या बंद संग्रहात स्वतंत्र ठेवावा.