गाडी आवाज करतेय? आणण्याआधी धुऊ नका, खोलू तर मुळीच नका

हे पत्रक थार, जिम्नी, गुरखा आणि अजून जिवापाड सांभाळलेल्या जुन्या जिप्सी या फोर-बाय-फोर गाड्यांच्या मालकांसाठी आहे. गाडी उचललेली (लिफ्ट किट लावून उंच केलेली), टायर मोठे, खाली स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा), पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) आणि तक्रार ठरलेली: "इंजिनातून आवाज येतोय, गाडी थरथरतेय." गॅरेजच्या काउंटरवर प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आमचा वेळ बिघाड दुरुस्त करण्यात फारसा जात नाही. गाडी इथे पोचण्याआधी कुणीतरी 'जरा बघून दिलेलं' असतं, ते निस्तरण्यात जातो. रविवारी ताम्हिणीच्या बाजूला जाऊन आलात, परतताना आवाज सुरू झाला. सोमवारी सोसायटीतल्या जाणकाराने बेल्टवर स्प्रे मारला. मंगळवारी कुणाच्या सांगण्यावरून जाडं ऑइल भरलं. बुधवारी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी ठोकळे) बदललं, कारण यूट्यूबवर एकाच्या गाडीचं तेच निघालं होतं. गुरुवारी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पुसले, शुक्रवारी वॉशिंग सेंटरला नेऊन गाडी लख्ख केली आणि शनिवारी सकाळी, ऐन गर्दीत, आमच्या दारात. वर प्रश्न: "अर्ध्या तासात सांगाल ना?"

नाही सांगता येत. स्प्रेने बेल्टची किंचाळी तेवढ्यापुरती थांबते, पण ज्या पुलीचं बेअरिंग गेलंय ते आतल्या आत खातच राहतं. जाड्या ऑइलने टिकटिक दबते, पण ती का होत होती ते कळायची सोय जाते. कोड पुसला की तो आला तेव्हा इंजिन किती आरपीएमवर, किती गरम आणि किती लोडवर होतं ही ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) टिपून ठेवलेली नोंदही गेली.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते वॉशिंग. आम्ही गाडी रॅम्पवर घेतो तेव्हा आधी कान लावत नाही, टॉर्च लावतो. प्रोपेलर म्हणजे गिअरबॉक्सकडून एक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा. या क्रॉसची वाटी कोरडी पडली की तिच्या कडेला विटकरी रंगाची बारीक पूड दिसते. आतल्या सुया गंजून दळल्या गेल्याची ती खूण. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांचं) गास्केट फुंकत असेल तर फटीपाशी काजळीचा काळा पंखा उमटलेला असतो. स्किड प्लेट गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) टेकत असेल तर तिथे रुपयाएवढा भाग घासून चकचकीत झालेला असतो आणि आजूबाजूला सगळी धूळ. ही धूळच आमचा पुरावा. प्रेशरच्या पाण्याने ती गेली, शिवाय तेच पाणी क्रॉसच्या सीलमधून आत शिरलं तर नवा आवाज फुकटात मिळतो.

अपवाद फक्त चाकांचा. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला असेल तर तो जरूर काढा, आमच्याकडे यायच्या आधीच काढा. चाकाचा बॅलन्स बिघडायला मूठभर चिखल पुरतो. मुळशी-पानशेतकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी हायवेला स्टिअरिंग थरथरतंय अशा पुष्कळ तक्रारी पावसाळ्यात त्या चिखलापाशीच संपतात. त्याचे पैसे घ्यायला आम्हालाही बरं वाटत नाही.

आवाज कशाच्या मागे जातो?

तपासाचा पाया हा एकच प्रश्न आहे: आवाज इंजिनाच्या आरपीएमबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? निम्म्याहून जास्त लोक आम्हाला सांगतात "ऐंशीला येतो". ऐंशीला कुठल्या गिअरमध्ये? पाय दाबलेला असताना की सोडल्यावर? तिथे गाडी अडते.

३१ इंची टायरचा घेर जवळपास अडीच मीटर. ताशी ८० किलोमीटरला असं चाक सेकंदाला ९ वेळा फिरतं. मागच्या एक्सलचा रेशो ४ धरला (प्रोपेलरचे चार फेरे, चाकाचा एक) तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ३६ फेरे घेतो. कोनात चालणारा क्रॉस शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा वेग पकडतो आणि दोनदा सोडतो, म्हणजे त्याचे धक्के सेकंदाला ७२. आता डायरेक्ट गिअर घ्या, ज्यात गिअरबॉक्सचा रेशो १ असतो. इंजिन आणि प्रोपेलर एकाच वेगाने फिरतायत, २,१६० आरपीएमने. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं, म्हणजे सेकंदाला पुन्हा ७२च. तुमच्या ढुंगणाला आणि हाताला दोन्ही अगदी एकसारखं जाणवणार. म्हणूनच प्रोपेलरची थरथर 'इंजिनाची' म्हणून आमच्याकडे येते आणि येण्याआधी विनाकारण इंजिन माउंटिंग बदललेलं असतं.

यातून सुटायला महागडं यंत्र लागत नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर त्याच ८०ला एक गिअर वरचा टाका. आरपीएम उतरेल, वेग तोच राहील. थरथर होती तशीच राहिली तर इंजिन सुटलं. प्रोपेलर, डिफरन्शियल (एक्सलमधली, दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी), चाकं, टायर यांच्याकडे बघायचं. थरथर बदलली किंवा गेली तर इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेवढाच आरपीएम धरा. उभ्या गाडीतही तेच झालं तर पंखा, पुली, माउंटिंग किंवा कुठेतरी चासीला टेकलेला सायलेन्सर. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालवताना दाब दिला की येतं, तर तेही आम्हाला तसंच सांगा. फार मोलाची माहिती असते ती.

आणि एक हात जोडून विनंती. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकून बघायचा प्रयोग कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल या उतारावर कोणीही करू नये. त्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्यांनी काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको.

गाडी उचलल्यानंतर

लिफ्ट किट बसवणारा स्प्रिंग आणि शॉक बदलतो, गाडी उंच दिसते, फोटो छान येतात. पण ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) चासीवरच राहिली आणि एक्सल खाली गेला, म्हणजे मधल्या प्रोपेलरचा कोन वाढला. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असले की एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. एकाच टोकाचा कोन बिघडला की हिशेब जुळत नाही आणि गाडी ६०-७०च्या पुढे हूं करायला लागते. "मित्राच्या गाडीला हीच दोन इंची किट आहे, तिला काही नाही" हे आम्ही नेहमी ऐकतो. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर, पाच दरवाजांच्या जिम्नीचा २,५९०. त्यात आधी इंजिन, मग गिअरबॉक्स, मग ट्रान्सफर केस; उरलेल्या जागेत मागचा शाफ्ट आखूडच असणार. आखूड शाफ्टला तेवढ्याच उंचीत कोन जास्त पडतो. मित्राची गाडी लांब असेल.

दुसरी गोष्ट, जिच्यापायी आमचे तास जातात: प्रोपेलर खोलून पुन्हा लावताना सरकत्या जोडावर खूण न करणं. त्या जोडाच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असावे लागतात. एक दाता जरी चुकून पुढे-मागे बसला तरी क्रॉस नवा, शाफ्ट बॅलन्स केलेला, आणि गाडी मात्र आधीपेक्षा जास्त थरथरते. आमची पोरं नट सैल करायच्या आधी जोडावर आणि फ्लँजवर पांढऱ्या रंगाची रेघ मारतात. तुमच्या गाडीखाली अशी रेघ दिसली तर ती पुसू नका. बाहेर कुठे काम करून घेणार असाल तर तिथल्या फिटरलाही तेवढं सांगा.

थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे जास्त उचलली की पुढचे ड्राइव्ह शाफ्ट कोनात जातात, रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं आणि वळताना कटकट सुरू होते. जिम्नी आणि जिप्सीत पुढेही अखंड एक्सल आहे. तिथे उचलल्यावर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झाला, जिम्नीत पॅनहार्ड रॉडचा (एक्सल आडवा न सरकू देणाऱ्या दांडीचा) बुश सैल झाला किंवा किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचं) बेअरिंग ढिलं पडलं की एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग अंगात आल्यासारखं घुमायला लागतं. तेव्हा ब्रेक करकचून न दाबता स्टिअरिंग घट्ट धरा, पाय उचला, हळूहळू वेग उतरू द्या. यावर स्टिअरिंग डँपर लावून घेणारे खूप आहेत. डँपरने लक्षण झाकलं जातं, ढिला बुश ढिलाच राहतो.

बॉडी लिफ्टची गंमत वेगळी. बॉडी आणि चासीमध्ये ठोकळे घातले की बॉडीला धरलेला रेडिएटर आणि त्याचं कव्हर वर जातं, इंजिनावरचा पंखा तिथेच राहतो. मग खड्ड्यात किंवा जोरात रेस केल्यावर पंख्याचं पातं कव्हरला खर्रकन घासतं. मालक घाबरतो, इंजिन गेलं म्हणतो. काम कव्हर खाली घेण्याचं असतं.

बाकीचे आवाज थोडक्यात. थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब, तर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गास्केट बघावं. धातू तापून पसरला की फट मिटते. पिकअप घेताना शिट्टी आणि जोडीला काळा धूर, तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप. ट्यूनिंग बॉक्स लावल्यानंतर डिझेल इंजिन कडक ठोकायला लागलं असेल तर आधी बॉक्स काढून गाडी चालवून बघा. त्यातले बरेच बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला चकवतात. डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडखळते आणि खालून कडकड येते, तर आधी फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लागलेलं नाही ना ते बघा. हसू नका, फार वेळा तेच असतं. आणि थारच्या मागच्या मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलचा, एक चाक मोकळं फिरल्यावर येणारा 'टक्क' हा आवाज बिघाड नाही. ते त्याचं कामच आहे.

दोन वेळा मात्र गाडी चालवत आणू नका. ऑइलचा दिवा लागला आणि आतून जड ठकठक येत असेल तर तिथेच बंद करा, टो करून आणा. आणि ओढ्यात गाडी बंद पडली, एअर फिल्टर ओला निघाला, तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून धड बाहेर आलात तरी डिफरन्शियलचं ऑइल एकदा बघून घ्या. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. घरघर ऐकू येईपर्यंत थांबलात तर बेअरिंगचा खर्च वाढेल.

आमची पद्धत आणि तिच्यावरचे आक्षेप

"नुसता आवाज ऐकायचे पैसे?" हो, घेतो. एक माणूस गाडी चालवतो, दुसरा शेजारी बसून आरपीएम, वेग आणि गिअर लिहितो, मग गाडी रॅम्पवर जाते, कोनमापक लावून शाफ्टचे कोन घेतले जातात. यात काहीही बदललं जात नाही, म्हणून काही झालंच नाही असं वाटतं. काम आमच्याकडे केलंत तर ही रक्कम बिलातून वजा होते. दुसरीकडे करायचं असेल तर लेखी रिपोर्ट घेऊन खुशाल जा.

"व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवतो, ऐकून सांगा." फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही आणि चाकाची सेकंदाला ९ ची थरथर तर ऐकूच येत नाही. पाठवायचंच असेल तर आरपीएमचा काटा आणि वेग दोन्ही दिसतील असा व्हिडिओ शेजारी बसलेल्याला काढायला सांगा. त्यावरून निदान गाडी चालवत आणायची की टो करायची एवढं सांगता येतं.

"रात्रभर गाडी कशाला ठेवून घेता?" कारण थंड इंजिनाचा पहिला मिनिट पुन्हा मिळत नाही. तुम्ही कोथरूडहून चालवत आणता तोवर इंजिन गरम झालेलं असतं आणि जो आवाज ऐकवायचा तो गेलेला असतो.

आणि लपवू नका. काय काय बसवलंय, कधी बसवलंय, कुठल्या क्रमाने, सगळं जॉब कार्डवर लिहा. आम्ही आरटीओ नाही. पॉलिबुश (रबराऐवजी कडक प्लास्टिकचे बुश) घातलेत हे तुम्ही सांगितलं नाहीत तर केबिनमध्ये येणारी बारीक थरथर शोधण्यात आमचा अर्धा दिवस जाईल, आणि रबर काढून कडक बुश घातल्यावर ती येणारच होती. टायर ३१चे ३३ केले असतील तर मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी त्याच हिशेबाने ८५च्या आसपास असते. तेही धरावं लागतं.

लिफ्ट किट दुसरीकडून बसवलेली असली तरी शाफ्टचे कोन आम्ही तपासून देतो, आणि ते बसवल्यावर लगेच केलेलं बरं. मूळ गाडीची मापं आमच्याकडे लिहून ठेवलेली आहेत, त्यांच्याशी ताडून बघता येतं.

शक्यतो मंगळवार-बुधवार पकडा, शनिवारी टेस्ट ड्राइव्हला रस्ता मोकळा मिळत नाही. गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावा, विंचचा हुक आणि मागचं सामान घरी ठेवा, डिकीतल्या जॅकचा आणि पान्यांचा खडखडाट आम्हाला शोधायला लावू नका. आणि टाकीत डिझेल-पेट्रोल असू द्या. रिझर्व्हवर आलेल्या गाडीतून टेस्ट ड्राइव्हला निघालं की पहिला थांबा पेट्रोल पंपाचा होतो, आणि ते बिलही मग तुमच्याच नावावर लागतं.